मध्यबिंदू आणि अंतर

मगनने सांगितलं ते अगदी सहज सांगितलं. हातातला नारळ कानाशी धरून पाणी किती वाजतं ते बघत होता आणि बघता बघता बोलून गेला. श्रावणातला गुरुवार, पावसाने दोन घटका उघडीप दिलेली, नंदुरबारच्या बाजारात चिखल आणि गिऱ्हाईक सारखंच. हिलाल मास्तर शाळा सुटल्यावर शाईची पुडी घ्यायला आला होता. मगन प्रकाशा गावचा, मास्तरच्या सासुरवाडीच्या भाऊबंदकीतला, कानबाईसाठी नारळ आणि नथ घ्यायला तापी ओलांडून आलेला. "काय मास्तर, शाया सुटनी का?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता, "ह्या साले आमनी कानबाई जोरमा शे. नवलसिंगभाऊनी ठरायं, जमनाआक्काना नावनी बी सव्वा मूठ गहू मोजाना. अकरा वरीस व्हई गयात. आते ती आमनीच ना?" मास्तर "हा" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नारळवाल्याने मगनच्या हातातला नारळ काढून घेऊन दुसरा दिला, दोघांची घासाघीस सुरू झाली, आणि मास्तर शाईची पुडी न घेताच घराकडे वळला. कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण छत्री उघडलेली आहे आणि पाऊस नाही.

खानदेशात कुणाला विचारायला नको की सव्वा मूठ म्हणजे काय. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. ते गहू घरीच दळायचे, त्याचे रोट घराण्यानेच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. बाईमाणसाची मूठ वेगळी नसते, ती नवऱ्याच्या मुठीत. आणि लेक एकदा सासरी गेली की माहेरचा रोट तिला चालत नाही, मग ती त्या दिवशी माहेरी असली तरी तिची भाकरी वेगळी. जमना, मास्तरची बायको, अकरा वर्षं माहेरी प्रकाशाला होती आणि अकरा वर्षं कानबाईच्या दिवशी तिची आई, तुळशीबाई, तिच्यासाठी चुलीच्या कडेला वेगळी भाकरी थापत होती. हे मास्तरला दरवर्षी कुणीतरी सांगायचं. आणि इकडे नंदुरबारात त्याची भावजय बेबीबाई त्याच्या नावाने सव्वा मूठ मोजायची. त्या मुठीत दोघांचं होतं. एकट्याने खाताना तो अर्ध्यावर थांबायचा. उरलेलं टाकता येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत जायच्या आधी, तो तेवढा अर्धा रोट स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने संपवायचा. शिळा रोट कडक होतो, चावायला वेळ लागतो. वर्षातली ती पाच-दहा मिनिटं तो बायकोबरोबर असायचा, असं म्हटलं तर लोक हसतील, पण खरं तेच होतं.

भांडण असं काही नव्हतंच. भांडण असतं तर मिटलं असतं. तो मुंबईला पदार्थविज्ञान शिकत होता, शेवटचं वर्ष, आणि जमना इथे बाळंत झाली. मुलगी नऊ दिवस जगून गेली. तार आली तेव्हा त्याची प्रयोगाची परीक्षा चार दिवसांवर होती. त्याने पत्र लिहिलं. चांगलं, मोठं पत्र, चार पानी. आपण पत्रात काय लिहिलं ते त्याला आजही आठवत नाही, अक्षर वळणदार आलं होतं एवढं आठवतं. जमनाला वाचता येत नव्हतं. तिच्या सासऱ्याने ते ओसरीवर बसून वाचून दाखवलं, निम्मं गाव ऐकत होतं. मग ती विश्रांतीला म्हणून प्रकाशाला गेली. तिथून परत आणायला सासरचा माणूस, मुराळी, जायला हवा, तशी रीतच आहे. लेक आपण होऊन सासरी जात नाही आणि माहेरचे तिला पोचवायला येत नाहीत. मास्तरची आई म्हणाली, त्यांनी निरोप धाडावा. तिचा बाप म्हणाला, त्यांनी माणूस धाडावा. दोन्ही म्हातारी माणसं आपापल्या शब्दावर बसून राहिली आणि बसल्या जागीच गेली. त्यानंतर आडवं येणारं कुणीच उरलं नाही. आता मुराळी म्हणून त्यालाच जायचं होतं, आणि तेच त्याच्याने झालं नाही. पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता इतक्या उशिरा काय तोंड घेऊन जायचं. नंतर त्याला सवय झाली. पण सवय झाली म्हणून ओढ गेली असं नाही. संध्याकाळी शहाद्याच्या रस्त्याने गाड्या यायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून तो गाडी तापीपलीकडची की अलीकडची ते ओळखू लागला होता, आणि पलीकडची असली की हातातलं पुस्तक खाली ठेवायचा. एवढंच करायचा.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या जुन्या वर्गबंधूने त्याला एक लेख हाताने उतरून पाठवला. तिकडे अमेरिकेत तिघांनी मिळून लिहिलेला. "तुला आवडेल, तू तिकडे गाडला गेला आहेस तरी," असं वर खवचटपणे लिहिलं होतं. लेख कठीण होता, पण मुद्दा असा की दोन कण एकमेकांजवळ आले, एकमेकांवर परिणाम झाला आणि मग लांब गेले. त्यानंतर एकेकट्याचं वर्णन करताच येत नाही, दोघांचं मिळूनच येतं. इकडच्याची जागा मोजली की तिकडच्याची जागा कळते, इकडच्याचा वेग मोजला की तिकडच्याचा वेग कळतो, मध्ये कितीही अंतर असो. लेख लिहिणाऱ्यांना हे खटकलं होतं, म्हणून तर त्यांनी तो लिहिला. हिलाल मास्तरला मात्र तो वाचताना रडू आलं. पस्तिशीला आलेला माणूस, कंदिलाच्या उजेडात गणित वाचून रडतो, बेबीबाईने बघितलं असतं तर लिंबू उतरून टाकलं असतं. पण त्याला वाटलं, हे आपलंच आहे. एकदा जवळ आलेली दोन माणसं; आता मध्ये पंधरा-सोळा मैल आणि एक नदी; आणि तरी एकट्याचा हिशोब लागत नाही. त्याने वहीत वर लिहिलं, "गुंता." त्या रात्री त्याला शांत झोप लागली, आणि यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही. कारण गुंता असेल, खराच असेल, तर जायची घाई कशाला? कणांना कुठे कुणी आणायला जातं?

पण माणूस गणिताचा, गप्प बसेना. त्याच वहीत, पुढच्या पावसाळ्यात, त्याने समीकरण निराळ्या तऱ्हेने मांडून बघितलं. हा कण आणि तो कण असे दोन भाग करायच्या ऐवजी त्याने दुसरेच दोन भाग केले: एक म्हणजे दोघांचा मध्यबिंदू, आणि दुसरा म्हणजे दोघांमधलं अंतर. आणि काय गंमत, गुंता नाहीसा झाला! मध्यबिंदूचं वर्णन वेगळं, अंतराचं वर्णन वेगळं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. कणांना काही केलेलं नव्हतं, सगळं होतं तसंच होतं. फक्त सुरी दुसरीकडून चालवली होती. त्याने तीनदा ताळा केला. म्हणजे गुंता आहे की नाही हा प्रश्नच अर्धवट होता. कोण बघतोय, त्याला काय बघता येतं, तो कुठून कापून दोन म्हणतोय, हे आधी सांगा, मग उत्तर. मुंबईला पत्र लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही. त्याला भीती वाटली. हा हिशोब खरा असेल तर जमनाच्या आणि आपल्या मध्ये जे आहे ते 'आहे' असं आपण कुणाच्या जिवावर म्हणतो? नंदुरबारच्या लोकांना विचारलं तर ते सांगतील, मास्तर एकटा आहे, बिचारा. त्यांना हा एवढाच दिसतो. प्रकाशाच्या लोकांना ती एवढीच दिसते. आणि शहाद्याच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत एक पळसांचा माळ लागतो, तिथे उभं राहून कुणी बघेल तर त्याला फक्त अंतर दिसेल, सरळ, मोजता येणारं, ज्यात गुंतलेलं काहीच नाही. त्याने वही पेटीत तळाशी टाकली.

आणि आता जमनाच्या भावाने, नवलसिंगने, सुरी घेतली होती. तिच्या नावाने सव्वा मूठ. बाईच्या नावाने मूठ मोजलेली त्याने कधी ऐकली नव्हती. भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केलीच असेल. पण नवलसिंगचंही खोटं नव्हतं. बहीण अकरा वर्षं घरात राबते, लावणीला, निंदणीला, कापूस वेचणीला सगळ्यात पुढे, आणि सणाच्या दिवशी तिची भाकरी वेगळी. भावाला ते बघवेना. उद्या ती म्हातारी होईल, तिचं करणारं कोण? रोट खाल्ला की ती त्या घराण्याची. मग कुणी मुराळी येवो न येवो. गुरुवारची रात्र, शुक्रवार, शनिवार, मास्तरने शाळेत काय शिकवलं कोण जाणे. फळ्यावर वर्तुळ काढून त्याने मध्यबिंदू दिला आणि पोरं वाट बघत राहिली. त्याला एकच दिसत होतं: जमना पाटावर बसली आहे, समोर ताट आहे, ताटात रोट आहे. तिने हात पुढे केला की नाही ते दिसत नव्हतं. तिचा हात त्याला आठवत होता, बांगड्यांच्या वर कोपराशी भाजल्याचा डाग होता. तोंड नीट आठवत नव्हतं. हे कुणाला सांगायचं? बायकोचं तोंड आठवत नाही आणि तिच्यावाचून जीव जातोय.

रविवारी पहाटे तो निघाला तेव्हा बेबीबाई अंगण सारवत होती. कानबाई बसायचा दिवस, घराण्यातला थोरला माणूस छत्री घेऊन चाललेला. तिने शेणाचा हात तसाच कमरेवर ठेवला.

"भाऊजी, रोट टाकीसन कोठे चालनात?"

"प्रकाशाले."

तिचा हात कमरेवरून खाली आला. अकरा वर्षं तिने हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मग म्हणाली, "मंग गाडी काबर नही जुपत? पायी जाशात आन येताना तिले बी पायी लयशात का?"

"पहिले देखस तं खरं," मास्तर म्हणाला.

"देखानं काय शे तेन्हामा?" बेबीबाई म्हणाली. "बायको शे ती तुमनी, आंबा नही, पिकना का देखाले. जा, लई या. तुमना दोन्हीस्ना रोट मी झाकी ठेवस."

त्याने मान हलवली. तो पायीच निघाला. वाटेत एका गाडीवाल्याने बसवून घेतलं, पळसांच्या माळाशी उतरवलं, पुढे पुन्हा पायी. दहाच्या सुमाराला तो तापीच्या अलीकडच्या काठाला पोचला. नदीला पूर होता, पण मोठा नाही. गढूळ, फुगलेली, मधूनच झाडाच्या फांद्या वाहून आणणारी. पलीकडे प्रकाशाची देवळं, पायऱ्या, पायऱ्यांवर लुगड्यांचे रंग. गोवाल नावाड्याची होडी चालू होती. पाण्याचा जोर असल्यामुळे तो वर दूरपर्यंत काठाने होडी ओढत नेई आणि मग सोडून तिरकस पलीकडे घेई. सणाची माणसं खूप होती. गोवालने त्याला ओळखलं, सगळेच ओळखत होते. "चालतस का, मास्तर?" "मी येस मांगून," मास्तर म्हणाला, आणि बाभळीखाली उभा राहिला. पहिली होडी गेली.

तिथे त्याला काय झालं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. समोर नदी होती आणि पलीकडे ती होती, आणि इतक्या वर्षांत तो तिच्या एवढा जवळ आला नव्हता. त्याला ते सुख पुरतंय असं वाटलं. पलीकडे गेलं की कळणार. तिने रोट घेतला असेल, किंवा नसेल. घेतला असेल तर संपलं. नसेल तर तिच्यासमोर उभं राहून काहीतरी बोलायला लागेल, आणि ते काय हे त्याला दहा मैल चालून सुचलं नव्हतं. इकडे उभं होतं तोवर काहीच मोडलेलं नव्हतं. पाण्याकडे बघता बघता त्याला लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवला. ती जात्यावर बसायची आणि तो पलीकडच्या खोलीत अभ्यासाला, जातं थांबलं की तो वाचायचा थांबायचा, तो पान उलटायचा थांबला की जातं थांबायचं, मग ती हळूच विचारायची, "काय व्हयनं?" "काही नही." "मंग वाचा ना." तिला वाचनाचं काही कळत नव्हतं, पण तो वाचत असला की तिला दळवत होतं. एवढं साधं होतं सगळं. ते त्याने कशाच्या बदल्यात टाकलं? एका परीक्षेच्या. पासही झाला, दुसऱ्या वर्गात. दुसरी होडी गेली. गोवालने या खेपेला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. तिसऱ्या होडीत नंदुरबारचा एक ओळखीचा शिंपी होता, तो म्हणाला, "मास्तर, कोनी वाट देखी ऱ्हायनात?" त्यावर मास्तर हसला. चौथी गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पलीकडून डफ ऐकू येत होता. मग डफ थांबला, म्हणजे आता जेवणं. पाचव्या होडीत मात्र मास्तर सगळ्यांच्या आधी चढून बसला.

नवलसिंगचं घर त्याला विचारावं लागलं नाही. पाय ओळखत होते. ओसरीवर चपलांचा ढीग. आत पंगत बसलेली, रोट, तूप, खीर, गंगाफळाची भाजी यांचा वास. तो दारात उभा राहिला. नवलसिंग ताटावरून उठला नाही. सासू, तुळशीबाई, भिंतीला धरून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून तिने त्याला निरखलं आणि पुन्हा खाली बसली. मग आतल्या दारातून जमना आली. डाव्या हातात पाण्याचा लोटा होता. उजवा हात तिने अंगापासून लांब धरला होता, उष्टा हात धरतात तसा. कपाळाशी केस पांढरे झाले होते. हेच ते तोंड, त्याला वाटलं, हे आपण कसे विसरलो? आणि मग त्याने तिच्या बोटांकडे बघितलं. बोटांना तूप होतं, आणि रोटाचा चुरा.

तिने हात लपवला नाही.

"तुमी देखाले उनात का लेवाले?" तिने विचारलं. आवाज खाली होता, पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेला.

बघायला की न्यायला, एका शब्दाचं उत्तर होतं. त्याला येत होतं. पण त्याची नजर बोटांवरून निघेना, आणि तो शब्द तोंडात यायला उशीर झाला, थोडाच, आचमनाला लागतो तेवढा.

"लेवाले," तो म्हणाला. "लेवालेच उनू, जमना."

"पहिली नाव उनी तवय माले सांगं लोकेस्नी, मास्तर पल्याड उभा शे," ती म्हणाली. "मी गाठोडं बांधी लिन्हं. मायनी मन्ही येनी घाली दिन्ही. रोट ताटमा ठेवेल व्हता, मी हात नही लाया. भाऊले सांगं, थांब, तो येई ऱ्हायना. सगळी पंगत थांबाडी मी, पोरंसोरं भुक्या. दुसरी नाव उनी. मी इचारं, काय करी ऱ्हायना तो? त्या बोलन्यात, उभा शे, पानी देखी ऱ्हायना. तिसरी उनी, मी इचारं. पानी देखी ऱ्हायना. चौथी उनी." तिने मनगटाने डोळा पुसला, बोटांचं तूप गालाला लागू न देता. "अकरा वरीस मी वाट देखी, तेन्हं काही नही वाटनं. आज सकायपाईन जे देखी, ते नही सोसनं माले."

"मी भ्यायनू, जमना."

"माले म्हाईत शे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. त्याला राग हवा होता. राग असता तर त्याने पायावर डोकं ठेवलं असतं, रडला असता, काहीही केलं असतं.

पंगतीत एका पोराने खीर मागितली, आईने त्याला गप्प केलं. जमनाने लोटा पुढे केला, डाव्या हाताने; मग तिच्या लक्षात आलं तशी तिने तो खाली ठेवला आणि पाहुण्यासाठी ओसरीवर घोंगडी अंथरायला भाचीला सांगितलं. सासरच्या माणसापुढे करतात तसा डोक्यावरचा पदर तिने सारखा केला नाही.

"बठा, मास्तर," ती म्हणाली. "पानी ल्या. दिन बुडाना पहिले शेवटली नाव जास."